नीटनेटक्या चुका

परदेशातून इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या मुलांना त्या विद्यापीठात आधी एक तयारीचं वर्ष करावं लागे. त्या वर्गाला मेकॅनिक्स शिकवणाऱ्या बाईंना मुलं आपसात ‘भिंग’ म्हणत. दहा देशांची मुलं, दहा तऱ्हेचे उच्चार, पण हा एक शब्द सगळ्यांना अचूक जमायचा. बाईंच्या कानावर तो गेला होता आणि त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं.

बाई मुळात अशा संशयी नव्हत्या. नोकरीला लागल्या तेव्हा एका गोडबोल्या मुलाची त्यांनी तोंड भरून शिफारस केली होती. मागाहून कळलं की परीक्षेला त्याच्या जागी भलताच कोणी बसत होता. विभागात हसं झालं आणि बाईंचा माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. नवरा थट्टेनं म्हणायचा, घरी प्लंबर आला तरी ही आधी त्याची तोंडी परीक्षा घेईल.

अशा बाईंच्या वर्गात त्या वर्षी काका आले. नुकत्याच शाळा संपवलेल्या पोरांमध्ये हा कानशिलांवरचे केस पिकलेला, गंभीर माणूस. काका हे नाव पोरांनीच ठेवलं. ते खिडकीजवळ बसत, विचारल्याशिवाय बोलत नसत आणि मार्क नेहमी मधलेच मिळवत. कधी वर नाही, कधी खाली नाही. बाईंना पहिल्यांदा खटकलं ते हेच.

त्यांना वाटलं, गृहपाठ कोणीतरी करून देत असणार. म्हणून त्यांनी काकांना पुढच्या बाकावर आणलं आणि डोळ्यांसमोर गणितं सोडवायला लावली. मार्क पुन्हा मधलेच. मग एका चाचणीचा पेपर तपासताना बाईंचा हात थबकला. बीमच्या एका टोकाच्या आधारावर किती भार येतो, हे पहिल्या भागात काढायचं होतं. काकांचं उत्तर चुकलं होतं. दुसऱ्या भागात तोच आकडा पुढे वापरायचा होता, आणि तिथे काकांनी वापरलेला आकडा बरोबर होता.

बाईंनी जुने पेपर काढले. चुका सगळीकडे होत्या, पण घाईच्या, गोंधळाच्या एकही नव्हत्या. जणू नीट जागा बघून बसवलेल्या. ज्याला येतं, तो मुद्दाम का चुकेल? पोरांना कॉपी पुरवायला कोणी आणून बसवलाय? की इथे राहायला मिळावं म्हणून नुसता विद्यार्थी म्हणवतोय? शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, भाषा शिकवणाऱ्या सहकारी म्हणाल्या, कमी मार्क घेतो म्हणून कोणाच्या मागे लागणारी तू पहिलीच. विभागप्रमुखांनी पुरावा मागितला.

त्यानंतर बाई काकांवर पाळतच ठेवू लागल्या. एकदा ग्रंथालयात काका पुलांवरचं जाडजूड पुस्तक वाचत होते. बाईंची चाहूल लागताच त्यांनी ते मिटून वह्यांखाली सरकवलं. बाईंचा संशय आणखी बळावला.

मग प्रयोगशाळेत ती गोष्ट घडली. बीमवर वजनं टांगून तो किती वाकतो ते मोजायचं होतं. एक मुलगी वाकून वजन अडकवत होती आणि एका बाजूचा आधार हळूहळू सरकत होता. कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

“थांब. हात काढ, मागे हो,” काका म्हणाले.

आवाज चढवला नाही, पण मुलगी लगेच मागे झाली. काकांनी एका हातानं आधार दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं टोकाकडची वजनं आधी, मधली नंतर अशी उतरवली. मग बाई बघताहेत हे दिसल्यावर ते जागेवर जाऊन बसले आणि वहीत वाकाचा आकडा चुकीचा लिहिला.

तास संपल्यावर बाईंनी त्यांना थांबवून घेतलं आणि चाचणीचा पेपर पुढे ठेवला.

“हे चुकलेलं उत्तर तुमचं. मग खाली वापरलेलं बरोबर उत्तर कोणाचं?”

काकांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. “दोन्ही माझीच, मॅडम.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या देशात ते पूल बांधणारे इंजिनिअर होते. लढाईत त्यांचं विद्यापीठ दप्तरासकट जळालं आणि पदवीचा कागद काही हाती राहिला नाही. इथे प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटानं बजावलं होतं, हा वर्ग ज्यांना विषय येत नाही त्यांच्यासाठी आहे, तुम्हाला येतं हे कळलं तर परत पाठवतील. बायको मुलीला घेऊन आपल्या भावाकडे राहत होती. परत जाणं परवडणारं नव्हतं.

बाई विरघळल्या नाहीत. जो इतक्या सफाईनं चुकतो, तो इतक्याच सफाईनं खोटंही बोलू शकेल. त्यांनी खडू काकांच्या हातात दिला आणि ओढ्यावरचा पादचारी पूल फळ्यावर उभा करायला सांगितला. मग फिरवून फिरवून, आडवे-तिडवे प्रश्न विचारले. शेवटी एक फसवा प्रश्न टाकला.

काका खडू खाली ठेवून म्हणाले, “आधार असे दिले तर पूल जागेवर राहणारच नाही. तुम्हालाही ते माहीत आहे.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. आता मात्र त्यांची खात्री पटली.

तरी प्रवेश कार्यालयात त्या दोनदा जाऊन आल्या, कारण पहिल्या कारकुनाच्या बोलण्यावर त्यांचा भरवसा बसला नाही. एजंटानं सांगितलेला नियम कुठेच नव्हता. तयारीच्या वर्गातल्या जागा भरायला त्यानं तो पदरचा सांगितला होता. उलट, कागदपत्रं गमावलेल्यांना तोंडी परीक्षा देऊन वरच्या वर्षात जाता येत होतं. त्यासाठी एका शिक्षकाची शिफारस लागे. बाईंनी ती दिली, पण सही करण्याआधी पेन बराच वेळ कागदावर नुसतं टेकलेलं होतं. विभागप्रमुखांनी तर दोन वेळा विचारलं, नक्की ना?

काका परीक्षा पास झाले आणि थेट तिसऱ्या वर्षात गेले. पुढच्या वर्षी बायको-मुलगी आल्यावर त्यांना घेऊन ते बाईंना भेटायला आले. बायकोला इथली भाषा येत नव्हती. ती दाराशीच उभी राहून बाईंना नखशिखांत न्याहाळत होती.

“रागावू नका,” काका ओशाळून म्हणाले. “मी तुमच्या वर्गात होतो तेव्हा हिला कळवत होतो की इथे एक बाई माझ्या मागावर आहे, बहुधा सरकारी हेर असावी. आता तुम्ही शिक्षिका आहात म्हणतोय, तर हिचा विश्वासच बसत नाहीये.”

बाईंनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ती बसली, पण अगदी कडेला.