तिकडचं राज्य

आमचा ग्रह भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यात सापडला, आणि तो मला सापडला, हे सांगताना मला अजूनही हसू येतं. मी डब्यांना पॉलिश करायचो. फिरत्या चाकावर डबा धरायचा, काळी भुकटी उडायची, आणि मळकट पत्र्यातून हळूहळू एक तोंड वर यायचं. माझंच, पण डब्याच्या गोलाईने डोकं लांबुळकं झालेलं, खांदे गायब, पाय बोटभर. कळशीत तोच माणूस फुगायचा, पातेल्यात चपटा व्हायचा. दिवसभर अशी माणसं माझ्यासमोर यायची आणि पुढच्या टेबलावर निघून जायची. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आलाय असं पेपरात छापून येत होतं. एकदा मोठ्या झाकणातल्या लांबुळक्याला मी मनातल्या मनात विचारलं, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना.

मी आठवीतून शाळा सोडलेली. रत्नागिरीकडच्या गावाहून आलो तेव्हा भाईंदरच्या पश्चिमेला, मोरव्यात, आमच्या गावमंडळाची खोली होती. गावातून जो कुणी कामाला येईल त्याने तिथे वळकटी टाकावी अशी सोय. आधीचे नऊ जण होते, मी दहावा. किती दिवस राहणार असं एकानेही विचारलं नाही. भिंतीतला एक खिळा दाखवला आणि म्हणाले, इथे तुझी पिशवी. मी घाबरट माणूस. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा, कुणाला यायला उशीर झाला की दारात जाऊन उभा राहणारा. खोलीत माझी थट्टा व्हायची, पण मला कुणी हिडीसफिडीस केलं नाही, आणि ते ऋण मी अजून बाळगून आहे.

मंडळ दर वर्षी नमनाचा खेळ करायचं. आधी गण, मग गवळण, आणि शेवटी वग, म्हणजे नाटकच. वगात राजा हवाच, आणि राजा म्हणजे तात्या. खोलीतले सगळ्यांत वडीलधारे. एका गोडाऊनवर राखणीला होते, बायको गावाला. त्यांचं घर गावातलं मानाचं. शिमग्यात त्यांच्या घरचा हात लागल्याशिवाय आमची पालखी उठत नाही. मंडळातही तोच रिवाज होता. मतं घ्यायची पद्धत नव्हती. सगळे काय ते बोलायचे, मग तात्या ‘होय’ म्हणायचे आणि ती गोष्ट ठरायची. ते गप्प राहिले की ती तिथेच राहायची. वीस वर्षं राजाचा मुकुटही त्यांच्याच डोक्यावर होता. तात्या रंगमंचावर आले की बाकीची पात्रं असोत की पेटीवाला, सगळे उठून उभे राहायचे.

वग लिहिणारे गृहस्थ त्या गणपतीत गावाला गेले ते कायमचे. सेक्रेटरींनी बैठकीत विचारलं, आता लिहिणार कोण? ते एका बँकेत शिपाई होते आणि मंडळाचा शिक्का त्यांच्याच ट्रंकेत असायचा. त्यांच्या प्रश्नावर मी ‘मी’ म्हणालो. माझ्या तोंडून ते कसं निघालं, माझं मलाच कळलं नाही.

मग दीड महिना मी जमिनीवर नव्हतोच. जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहायचो. माझ्या ग्रहावरच्या माणसांची अंगं स्टीलसारखी लख्ख. त्यामुळे भांडायची पंचाईत. ज्याच्यावर ओरडायला जावं त्याच्या छातीत आपलंच तोंड, आ वासलेलं. खोटं बोललं की पाठीवर एक डाग पडतो. आपल्या पाठीला आपला हात पोचत नाही, म्हणून ज्याला फसवलं त्याच्याकडेच जाऊन म्हणायचं, बाबा, एवढं घासून दे. तुरुंग नाही, वकील नाही. आणि पाण्याचा मंत्री जो होईल त्याचं बिऱ्हाड त्याच दिवशी पाइपाच्या शेवटच्या नळावर न्यायचं. हे सुचलं तेव्हा मी चाकावरून डबा सोडला होता. तो उडाला आणि शेजाऱ्याच्या पायाशी जाऊन पडला. शेजारी भय्या होता, त्याने हिंदीत माझा चांगला उद्धार केला. मी त्याला तो कायदा समजावून सांगितला. तो पडलेला डबा उचलून माझ्या हातात देत म्हणाला, ‘हमारे गाँव में भी लगवाओ.’

मला त्या एका वाक्याने जो धीर आला, तो आला.

वाचनाचा दिवस आला. सुट्टीची दुपार. सगळे भिंतीला टेकून बसलेले, तात्या खुर्चीवर, मी पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन मधे. राजाशिवायचा वग मंडळाने आजवर केलेला नव्हता, आणि माझ्या ग्रहावर राजा नव्हता. कारभार आळीपाळीने चालायचा. तात्यांनी ‘होय’ म्हटलं तर माझा ग्रह रंगमंचावर जाणार होता. ते गप्प बसले तर जुन्या राजाचा जुनाच वग होणार होता, आणि मी पुन्हा शाळा सोडलेला तो. पहिला पुठ्ठा मी उलटाच धरून सुरुवात केली.

पण पाण्याच्या मंत्र्यापाशी पोचलो आणि खोली उसळली. आमच्याकडे तेव्हा पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे. कोण जागं राहणार यावरून आमच्यात रुसवे व्हायचे. शेवटच्या नळावरचा मंत्री ऐकल्यावर एकाने मांडीवर थाप मारली. दुसरा म्हणाला, मंत्र्याने नळच पुढे सरकवून घेतला तर? मी म्हटलं, मग त्याच्या पाठीवर डाग. तिसरा म्हणाला, आमच्या हॉटेलच्या शेठला तिकडे पाठवा, ओरडायला गेला की स्वतःचंच थोबाड बघून मुका होईल. ‘तिकडं’ हा शब्द तेव्हापासून खोलीत रुळला. ग्रहाला वेगळं नाव लागलंच नाही. सेक्रेटरी तेवढे हिरमुसले होते. तुरुंग नाही ते ठीक, पण कार्यालयही नाही? मग शिक्का कुठे मारायचा? त्यांचा चेहरा बघून आम्ही तिथल्या तिथे तिकडे एक शिक्का मंजूर केला. तो कशावर मारायचा ते ठरलं नाही, पण ते खूश झाले. मी वाचतोय, मधेच कुणीतरी अडवतंय, मी खोडतोय, पुन्हा लिहितोय. वर्गात फळ्यापुढे उभं राहिलो की माझी जीभ टाळ्याला चिकटायची, आणि इथे खोलीतले लोक माझ्याशी एका नसलेल्या देशावरून हमरीतुमरीवर आले होते. इतका आनंद मला तोपर्यंत कधी झाला नव्हता.

तात्या मात्र काही बोलले नव्हते. शेवटी त्यांनी चष्मा काढून विचारलं, “कारभारी येतो तेव्हा बाकीचे काय करतात?”

“काय नाय तात्या,” मी म्हटलं. “आपापलं काम करतात.”

“उठत नाय कोण?”

“नाय.”

त्यांनी चष्मा घडी करून खिशात घातला. “मग त्यात माझं काय काम, बाबा?”

ते रागाने बोलले नव्हते, म्हणून जास्त लागलं. खोली एकदम गार झाली. मी घाईघाईने म्हणालो, राजा घालतो, मुकुट घालतो, दोन मुकुट घालतो. पुठ्ठ्यावर खोडायलाही लागलो. कुणी मधे पडलं नाही. त्यांच्या ‘होय’शिवाय पुढे जायचं नसतं, हे आमच्या हाडात मुरलेलं.

तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला. आमची घरमालकीण, आम्ही तिला काकी म्हणायचो. माहेर पालीचं, इथल्याच किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातलं, लग्न होऊन मोरव्यात आलेली. सुट्टीच्या दिवशी दुपारचं जेवण तिच्याकडून यायचं, आणि रिकामी भांडी न्यायला म्हणून ती येऊन केव्हाची उंबऱ्यावर बसली होती.

“तुमचे तिकडं एक तरी बाय हाय का न्हाय?”

मी पुठ्ठे चाळले. नव्हती. दीड महिना मी देश बांधत होतो, नळ, डाग, मंत्री, सगळं केलं, आणि आख्ख्या ग्रहावर एकही बाई नव्हती. खरं म्हणजे नऊ जणांनी तासभर उलटतपासणी केली तरी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. नमनात बायकांची कामं पुरुषच करतात. गवळणीही आमच्यातलेच, राधाही आमच्यातलीच. आणि खोलीतही आम्ही पुरुषच पुरुष. बाई नसणं आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं.

“मंग पोरं काय झाडाला लागतान?” काकीने विचारलं, आणि तिचं तिलाच हसू आवरेना.

सगळे हसले. तात्या सोडून. मी ओशाळून म्हटलं, तूच सांग काकी, तिकडे कारभार कुणाकडे द्यावा? मला वाटलं ती थट्टेवर नेईल. पण ती भांडी खाली ठेवून विचारात पडली. मग सांगायला लागली. त्यांच्या पालीला होड्या समुद्रात गेल्या की किनाऱ्यावर बायकाच सगळं बघतात. पण त्यातही, जिची होडी अजून आलेली नसेल, तिचं त्या दिवशी सगळ्याजणी ऐकतात. तिने म्हटलं दिवा लावा, की लावायचा. तिने म्हटलं कुणी जेवायचं नाही, की कुणी जेवत नाही. मोठ्या घरची असो नाही तर टोपली विणणारी.

“जिचा माणूस घरा न्हाय आला, तिचा राज्य,” काकी म्हणाली. “आला का राज्य सरला.”

मी पेन्सिल उचलली, पण माझ्याने लिहवेना. मी माझ्या आईचा विचार करत होतो. बाकीचेही कुठे बघावं ते न कळून आपापल्या पिशव्यांकडे बघत होते.

तात्यांनी पुन्हा चष्मा लावला. “म्हणजे तिकडच्या हिशेबानं,” ते सावकाश म्हणाले, “आमची म्हातारी तीस वर्षं गादीवर हाय.”

काकीने मान डोलावली.

“तिचं काम मी करतो,” तात्या म्हणाले. मग एकदम लक्षात आल्यासारखं, “होय. धरा हा वग.”

ते तरुणपणी राधा व्हायचे, हे आम्हाला सेक्रेटरींकडून नंतर कळलं.

पुढचे दोन महिने मी पळतच होतो. सगळे पुठ्ठे नव्याने लिहिले. कारभारणीच्या हातात राजदंड नाही, सूप. ती धान्य पाखडता पाखडता न्याय देते. तिचा माणूस परतला की सूप दुसरीकडे जातं, जिचा अजून यायचाय तिच्याकडे. कपड्यांसाठी मी आमच्या कारखान्याच्या शेठकडे डागी निघालेली झाकणं मागायला गेलो. दारात तीन वेळा मागे फिरलो, चौथ्यांदा आत गेलो. ते गुजराती, आधी त्यांना काही कळेना. “नाटक में हमारा ढक्कन नाचेगा?” म्हणाले, आणि पोतंभर देऊन टाकली. ती आम्ही छातीला, पाठीला दोरीने बांधली. तालमीत चाललो की नुसता खणखणाट. शेजारच्या चाळीतले लोक दारात येऊन उभे राहायचे.

प्रयोग मीरा रोडला एका शाळेच्या हॉलमध्ये झाला, दुपारचा. गावचे, आजूबाजूच्या वाड्यांचे लोक आले होते. काकी पाचव्या रांगेत, नव्या लुगड्यात. पडदा उघडला आणि झाकणांवर दिवे पडले तसे प्रकाशाचे गोळे लोकांच्या तोंडावरून फिरायला लागले. पोरं ते पकडायला उठली. नऊवारी नेसलेले तात्या मधोमध पाटावर बसले होते, सूप घेऊन. कुणी उठलं नाही. पेटीवाला सवयीने अर्धा उठला होता, त्याला मागून कुणीतरी खाली ओढलं. मागच्या रांगेतून आवाज आला, अरे राजा कुठाय राजा? पुढच्या एका बाईने मान वळवून सांगितलं, गप, दिसत नाय काय, ती बसलेय.

शेवटच्या प्रवेशात कारभारणीचा माणूस परततो. ते काम ज्याच्याकडे होतं त्याला ऐन वेळी सुट्टी मिळाली नाही. सेक्रेटरींनी माझ्याच छातीला झाकण बांधलं आणि मला आत ढकललं. वाक्यं माझीच होती, मीच लिहिलेली, आणि दिव्यांपुढे येताच त्यातलं एकही आठवेना. मला म्हणायचं होतं, ‘मी आलोय, आता सूप पुढे दे.’ मी नुसता उभा. छातीवरचं झाकण हृदयाच्या ठोक्यांनी वाजतंय की काय असं मला वाटत होतं.

तात्यांनी हातातलं सूप थांबवलं. मला खालपासून वरपर्यंत बघितलं. पुठ्ठ्यावर नव्हतं ते बोलले.

“जेवलंस?”

“नाय अजून,” मी म्हटलं. खरंच जेवलो नव्हतो.

हॉलभर हसू फुटलं. तात्यांनी सूप शेजारणीच्या मांडीवर ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझा दंड धरून मला विंगेत घेऊन गेले.