पाठमोरा दत्ता

किस्से गिरणीतल्या पिठासारखे असतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण खिडकीच्या फळीवर, दिव्याच्या वायरवर, आपल्या भुवयांवर हळूहळू बसत जातात. चकलांब्यात आमच्या गल्लीत ती रोजची खुनाची सिरीयल सुरू झाली, अन् असलेच किस्से साचत गेले.

सुरुवातही गिरणीतच झाली. मी ज्वारीचा डबा घेऊन उभी, पुढं दोघीजणी बोलत होत्या. एक म्हणाली, "कौसाबाईचा दत्ता त्या सिरीयलमध्ये हाय म्हणं. अन् तळ्यावर त्यो खून झाला न्हाई का, तिथं त्यानंच..."

तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला अन् घरघर सुरू झाली. पुढचं काही ऐकूच आलं नाही. माझं दळण होईपर्यंत त्या दोघी गेल्या होत्या. मग उरलेलं मी मनानंच पुरं केलं, अन् घरी येता येता चार दारांत सांगितलं की कौसाकाकूंचा दत्ता सिरीयलमध्ये खुनी झालाय!

कौसाकाकू म्हणजे माझ्या भिंतीला भिंत. दत्ता त्यांचा एकुलता एक. आबांना, म्हणजे वडिलांना, न विचारता मुंबईला गेलेला. फोनवर एवढंच म्हणायचा, "सिरीयलमध्ये काम लागलंय, बघत जावा." आबांनी ठरवून टाकलं होतं. टीव्हीत दिसला तर राहू दे तिकडं, नाही दिसला तर ते स्वतः जाऊन घेऊन येणार. रान कोण बघणार?

कौसाकाकूंना मात्र नुसतं लेकराचं तोंड बघायचं होतं.

अन् सिरीयल अशी, की तोंडच दिसू नये कुणाचं. एक तळं, एक पिवळा दिवा अन् सगळीकडं धुकं. त्यातून कानटोपी घातलेला खुनी सावकाश चालत जायचा. दर वेळी पाठमोरा. आमच्याकडं असलं धुकं कुठलं पडायला? सगळी गल्ली काकूंच्याच घरी जमायची, अन् बघता बघता त्या घरातल्या भिंतीसुद्धा लांब गेल्यासारख्या वाटायच्या.

*

आमच्या गयाआत्याला कमी दिसतं, पण ऐकू खणखणीत येतं. एकदा टीव्हीतल्या इन्स्पेक्टरनं सरळ समोर बघून विचारलं, "काल संध्याकाळी तुम्ही कुठं होता?"

आत्या घाबरून म्हणाली, "इथंच होते की साहेब, कौसाच्या घरी. हीच सिरीयल बघत होते. विचारा हिला."

अन् माझ्याकडं बोट!

*

किसनबप्पांचा जन्म मेंढरामागं गेला. ते आत येत नाहीत, उंबऱ्यातच काठीवर हनुवटी टेकून उभे राहतात. एका संध्याकाळी सिरीयल संपली तरी हलेनात. मी विचारलं, "बप्पा, कावून थांबलात?"

म्हणाले, "इतकं धुकं हाय, अन् एक बी मेंढरू वरडंना. कुठं गेली असतील?"

तेव्हापासून त्या तळ्याकाठी मला रोज मेंढरं ऐकू येतात.

*

एकदा तर खुनी वळायला लागला, खांदा फिरला, कानटोपीची कड दिसली, अन् लाईट गेली.

कुणीच उठलं नाही. अंधारात बसल्या बसल्या ज्याला जे दिसलं ते तो सांगायला लागला. कुणी म्हणे तो तळ्यात उतरला, कुणी म्हणे रडत होता. गयाआत्या तर म्हणाली की त्याच्या हातात कोकरू होतं. लाईट आली तेव्हा बातम्या लागल्या होत्या. मला अजून वाटतं, आमचाच भाग चांगला होता.

*

भाच्याच्या साखरपुड्याहून येताना मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो. तिथं हीच सिरीयल लागलेली. ट्रकवाले हातात भाकरी धरून गप्प. मला राहवलं नाही. बाजूच्या ड्रायव्हरला म्हटलं, "तो खुनी आमच्या गावचा हाय, भाऊ."

त्यानं आधी टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं. ताट उचललं अन् लांबच्या टेबलावर जाऊन बसला.

*

ही गंमत काकूंपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना त्यांनी हळूच विचारलं, "बाई, त्यो खुनीच निघाला तर लोक काय म्हणतील?"

मी चिमटे पुढं केले. मग त्याच म्हणाल्या, "निघू दे. तोंड तर दिसल."

*

अन् खुनी वळला. कानटोपी काढली. पन्नाशीचा, मिशीवाला, भलताच कुणीतरी.

काकू त्याच्या मागं बघत राहिल्या, तिथं अजून कुणी आहे का म्हणून. आबा उठले अन् उद्याच्या गाडीनं मुंबईला निघतो म्हणाले. मग दत्ताला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं.

"तू कुठं हाईस त्याच्यात?"

"तिथंच हाय आबा. तळ्यावर धुकं असतंय ना, ते मी करतो. मशिनीनं. त्यो खून झाला, तवाचं बी मीच केलतं."

"मग दिसतो कवा?"

"न्हाई दिसत. दिसलो तर शॉट परत घ्यावा लागतो."

आबांनी फोन ठेवला. म्हणजे गिरणीतली बातमी खरी होती. खुनी तेवढा माझा होता.

दुसऱ्या दिवशी आबांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. संध्याकाळची गाडी यायला वेळ होता, म्हणून तेही टीव्हीपुढं टेकले. सिरीयलमध्ये तोवर दुसरा खून झाला होता. तळ्यावरून धुकं सरकत आलं, दिव्याखालून गेलं, झाडांत शिरलं. इन्स्पेक्टर काहीतरी बोलत होता, पण त्या खोलीत कुणाचंच लक्ष त्याच्याकडं नव्हतं.

आबा पुढं सरकून बसले. रानात खत टाकलेलं बघावं तसं त्यांनी ते धुकं या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितलं.

"सारखं पसरलंय," ते म्हणाले. "कुठं ढीग न्हाई."

बाहेर फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. आबा उठले नाहीत.

तेवढ्यात धुक्यातून हिरॉईन आली अन् तोंडावर ओढणी धरून खोकली. काकू टीव्हीजवळ गेल्या, वाकल्या.

"दत्ता, बास कर बाबा आता. पोरीला ठसका लागलाय."