कबनूरचा गडी आणि मामांचा आवाज

मामांचा फोन सकाळी सातला आला. "जरा येऊन जा. काम हाय," एवढंच म्हणाले आणि ठेवला. माझे मामा म्हणजे कुस्तीच्या मैदानात तीस वर्षं माईकवरनं बोलणारा माणूस. साधं "जेवलीस का" विचारायलासुद्धा त्यांना पाच मिनिटं लागतात. ते दोन वाक्यांत थांबले म्हणजे त्यांचा आवाज घेतलेल्या आमच्या गेमचंच काहीतरी बिनसलंय, हे मला त्यांच्या गावच्या, हुपरीच्या एसटीत बसल्यापासून कळत होतं.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका छोट्या गेम कंपनीत आहे. आम्ही पाच जण. गेममधली माणसं जे बोलतात ते मी लिहिते. मागल्या वर्षी आम्ही मोबाईलवर कुस्तीचा गेम करायला घेतला आणि निवेदनाला मामांना बोलवा, असं मीच सुचवलं. हौस माझीच की! मामा घरी चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडतात, पण जत्रेचा हंगाम आला की पंचक्रोशीतली मैदानं त्यांच्या आवाजावर चालतात. त्यांचा एक नेम आहे. कुस्ती निकाली झाली की आधी पडलेल्या मल्लाचं नाव, गाव, वस्ताद, सगळं मानानं घ्यायचं, मगच जिंकलेल्याचं. "जिकलेल्याला लोक खांद्यावर घेत्यात. पडलेल्याला माईकनं तरी उचलाय नगो?" म्हणायचे.

दोन दिवस भिंतींना गाद्या लावून आम्ही त्यांचा आवाज घेतला. परवानगीचा कागद इंग्रजीत होता. मामांनी तो मांडीवर ठेवून सही ठोकली. "वाचा तरी," मी म्हटलं. "भाचीनं आणलेला कागद वाचायचा असतोय व्हय गं?" ते हसले. आणि मी? मीही तो शेवटपर्यंत वाचला नव्हता.

पुढं वाक्यं कमी पडायला लागली. मालक म्हणाले, कागदात तशी परवानगी आहेच, एआयला मामांचा आवाज शिकवू, वाक्यंही तेच लिहील. चित्रं काढणारी मुलगी भडकली. "आज मामांचा आवाज, उद्या माझी चित्रं! आणि लोकांना सांगणार काय, सगळं माणसानं केलंय म्हणून?" मालकांचं एकच पालुपद, सगळे वापरतात, आपण नाही वापरलं तर दुकान बंद. दोघं तासभर भांडले आणि मी शेंगदाणे खात बसले. खरं सांगते, भ्याले होते. माझं आठवड्याचं काम मशीननं दुपारच्या चहाआधी उरकलं होतं. तोंड उघडावं तर म्हणणार, हिच्या पोटावर आलंय म्हणून बोलते. मामांना निदान एक फोन करायचा होता. तोही केला नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता गेम बाहेर पडला.

हुपरीला पोचले तर मामा घराच्या पुढच्या सोप्यात बसलेले, समोर चहावर साय धरलेली. त्यांनी मोबाईल माझ्याकडं सरकवला. गेममध्ये एक मल्ल चीत झाला आणि मामांचा आवाज खदाखदा हसत म्हणाला, "कबनूरचा गडी झोपला रं! जा आता, आईच्या पदराखाली लप!"

"हे मी कवा बोललो गं?" मामांनी विचारलं.

मला वाटलं होतं, चिडतील. पण त्यांचा चेहरा पार उतरला होता. "चार दिस आठवतोय. कबनूरचा पावणा फोन करून म्हणाला, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती. मी त्येची माफी मागितली. पण कुठल्या मैदानात बोललो त्येच घावना झालंय. आमची आईबी शेवटाला अशीच इसरायला लागलेली." मग हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारचं मैदान सोडलंय मी. सांगितलं, दुसरा बघा. डोस्कं चालंना झालंय माझं."

देवा! माणूस स्वतःला वेडा समजून चार दिवस बसला होता आणि मी कंपनीत आवाज किती हुबेहूब जमलाय म्हणून टाळ्या वाजवत होते.

"मामा, ते तुम्ही बोललाच नाही. मशीन बोललंय." सगळं सांगितलं, कागदासकट.

आधी त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हंजे इसरलो न्हाय मी?" डोळे पुसले. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. आत स्वयंपाकघराकडं बघून म्हणाले, "हिला जेवाय वाढा."

सोमवारी मी मालकांना म्हटलं, ते वाक्य काढा, नाहीतर मी निघाले. त्यांनी कुरकुरत का होईना, काढलं. पण तोवर ते मोबाईल-मोबाईलवर फिरलं होतं.

मामांनी सोडलेलं मैदान परत मागून घेतलं. रविवारी ते गेले, मीही गेले. तिसऱ्या कुस्तीत एक कोवळा मल्ल पडला. मामांनी माईक उचलला आणि त्याचं गाव घेणार, एवढ्यात गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "मामा, पदराखालचं म्हणा की!" सगळं मैदान हसलं. आणखी दहा जण ओरडले, "म्हणा की, म्हणा की!"

मामांनी त्याचं गाव घेतलं, वस्तादाचं नाव घेतलं. हसण्याच्या गलक्यात कुणालाच ऐकू गेलं नाही. पोरगं अंगाची माती झटकत खालीच बघत होतं. मामांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जास्त मोठ्यानं, आवाज चिरकेपर्यंत. माझ्या शेजारचा माणूस कान टवकारून ऐकत होता. तो मला म्हणाला, "गेममधले मामा लई भारी बोलत्यात, न्हाय?"