ड्राय एरियातल्या कॉलन्या

सकाळचे साडेदहा. तळोज्यातलं एक सरकारी ऑफिस, तळमजल्यावरची रेकॉर्ड रूम. टेबलावर चार काचेच्या बशा, झाकणं काढलेल्या.

तीस वर्षं बातमीदारी केली. मोर्चे विसरलो, आगी विसरलो. पण या एका खोलीचे किस्से विसरता येत नाहीत, उलट वाढतच चाललेत!

खोली सांभाळतात क्लार्क सुरेखाताई. सहा महिने खोकतायत. बदलीचा अर्ज केला, तर साहेब म्हणाले, "हवेत बुरशी असल्याचा पुरावा आणा." म्हणून ताईंनी कॉलेजात बॉटनी शिकवणाऱ्या लेले मॅडमना आणलं, आणि मला फोन केला. ताई आल्याशिवाय खोली उघडतच नाही. एक फाईल गहाळ झाली तेव्हापासून नवं कुलूप आणि एकच किल्ली, ती ताईंच्या पर्समध्ये. साहेबांचीच ऑर्डर!

*

मॅडमनी शिपाई पाटीलकाकांना समजावलं, "बशीत बुरशीचं खाणं आहे. दहा मिनिटं उघडं ठेवायचं, हवेतली बुरशी त्यावर पडते."

आम्ही चहा घेऊन आलो, तर चारही बशा झाकलेल्या.

"काका, हे काय?"

"मॅडम, खान्याचं हाय ना त्यात? माश्या बसतील म्हनून मीच झाकलं!"

*

दुसऱ्या फेरीच्या बशांवर पाच दिवसांत काळे-हिरवे ठिपके उगवले. अशा एका ठिपक्याला बॉटनीवाल्यांत कॉलनी म्हणतात. मॅडमनी रिपोर्ट दिला: 'रेकॉर्ड रूममध्ये त्रेचाळीस कॉलन्या आढळल्या. तातडीने उपाय करावा.'

ऑफिसचं लेखी उत्तर आलं: 'सदर कॉलन्या या कार्यालयाच्या हद्दीत येत नाहीत. संबंधित सोसायट्यांशी संपर्क साधावा.'

मी ते तीनदा वाचलं. खाली शिक्का होता!

*

मग आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मॅडमनी मायक्रोस्कोपमधून काढलेले फोटो दाखवले. "ही काळी, अ‍ॅस्परजिलस. ही हिरवी, झाडूच्या टोकासारखी दिसतेय ना, ती पेनिसिलियम."

"पेनिसिलिन यातूनच काढतात ना?"

"हिच्याच भावकीतून."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे सुरेखाबाईंना औषध फुकट मिळतंय, आणि वर तक्रार!"

ताई हसल्या नाहीत. खोकला आला होता.

*

मी भडकलो. म्हटलं, चला, खोलीच बघू. साहेबांनी बिल्डिंगचा नकाशा सोबत घेतला.

"बघा, ही रूम ड्राय एरिया आहे. टॉयलेट, पॅन्ट्री हे वेट एरिया. बुरशी असेलच तर तिकडे असेल."

"साहेब, वर बघा. छताला ओल आहे."

"जुना डाग आहे तो."

तेवढ्यात एक थेंब नकाशावर पडला.

"हे?"

"हे पहिल्या मजल्याच्या टॉयलेटचं पाणी आहे," साहेब म्हणाले. "आमचं नाही!"

आता त्या खोलीला ड्राय म्हणायचं की वेट, ते मला अजून कळलेलं नाही.

*

शेवटी ऑफिसने स्वतःच एका खासगी एजन्सीकडून तपासणी करून घेतली. साहेबांनी रिपोर्ट ताईंच्या हातात दिला. 'रेकॉर्ड रूम. नमुना: रविवार, सकाळी अकरा ते अकरा दहा. बुरशी: शून्य.' त्याच्या मागे टाचणीने लावलेला बदलीचा अर्ज, लाल शाईत 'नामंजूर'.

ताईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"साहेब, या रविवारी?"

"हो, परवाच्या. सही आहे ना एजन्सीची?"

"मी मोऱ्याला, बहिणीच्या गावी होते. शनिवारी गेले, सोमवारी तिथूनच ऑफिसला आले."

"बरं मग?"

ताईंनी पर्स उघडली आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

मी जाऊन कुलूप पाहिलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता. परत येऊन विचारलं, "साहेब, मग एजन्सीने हवा घेतली कुठली?"

साहेब किल्लीकडे बघत होते. पाटीलकाका दारातून म्हणाले, "खिडकी तं खिळे मारून बंद हाय."