स्विचची टकटक आणि आमचे उजवे कान

प्रथम या प्रकरणातला माझा वाटा स्पष्ट सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी कुजबुजायला नको. स्विच मी निवडला, स्विच मीच जोडला, आणि त्यानंतर जे घडले त्याचा दोष मी माझ्या वयाला दिला. अशी फजिती स्वतःच्या तोंडाने सांगायची म्हणजे चहा जरा कडकच हवा. घेतलात? मग ऐका.

आमचे हे निवृत्त इंजिनिअर. उभी नोकरी टेलिफोनच्या कारखान्यात गेली. जीव मात्र गाण्यात. निवृत्तीनंतर ह्यांनी घरच्या घरी प्रीॲम्प्लिफायर बांधायला घेतला. म्हणजे काय? तर रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक, रेडिओ आणि मोबाइल या चौघांचे आवाज ज्या डब्यात शिरतात आणि सुधारून पुढे जातात, तो डबा. चौघांपैकी आता कोणी बोलायचे, हे ठरवण्यासाठी त्याच्यावर एक गोल फिरणारा स्विच असतो. शाळेत शिकवताना वर्गात जे काम मी एका बोटाने करत असे, ते हा करतो.

आणि हा सारा खटाटोप कशासाठी? एका कॅसेटसाठी! लग्नानंतर आम्ही बेंगळुरूला आलो, तेव्हा के. आर. पुरमला दोन खोल्यांत राहत होतो. गल्लीतली मराठी कुटुंबे कोजागरीला एका गच्चीवर जमत. एका वर्षी ह्यांनी दोन माइक लावून ती मैफल टेप केली. डावीकडे शेजारच्या जोशीकाकांची पेटी, उजवीकडे मी. होय, मी गात असे! हसू नका. मागे गाड्यांच्या शिट्ट्या, मध्येच आटीव दुधाचे पेले वाटल्याची किणकिण, आणि घरमालकीण अक्कांचे ‘इन्नोंदु हाडु, इन्नोंदु!’, म्हणजे आणखी एक गाणे, आणखी एक! त्या गच्चीवरची माणसे आता कुठे कुठे पांगली. ती सगळी जिथे अजून एकत्र बसलेली आहेत, अशी एवढी एकच जागा उरली आहे.

डबा तयार झाला, टेबलावर त्याची चाचणीही झाली, स्विच तेवढा राहिला. आणि नेमके ह्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले. डोळ्यावर पट्टी. तेव्हा स्विच आणायला एस. पी. रोडच्या बाजारात कोण जाणार? अर्थात मी!

“दोन पोलचा आण,” ह्यांनी बजावले. “दोन पोल, चार जागा. विसरशील.”

“मी?” एवढेच मी म्हटले. पुढचे सांगण्याची गरज नव्हती.

दुकानदाराने काउंटरवर स्विचचा ढीग ओतला. दोन पोलचा जो होता, तो काळ्या प्लॅस्टिकचा, मरगळलेला. फिरवला तर नुसता सरकायचा. आळशी मुलगा हजेरी देतो तसा. शेजारी मात्र एक पितळी दांड्याचा होता. फिरवला, आणि काय सांगू! टक्! प्रत्येक जागी खणखणीत, निःसंदिग्ध टक्! शिवाय चाराऐवजी सहा जागा.

“मेडम, वो सिंगल पोल है,” दुकानदार म्हणाला.

“मुठी किती आहेत? एकच ना? मग पोल एक पुरे!”

“सरी, ठीक है मेडम, आपकी मर्जी.” त्याने लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवले.

आता हे आज मला ठाऊक आहे, की पोल म्हणजे आवाजाची स्वतंत्र वाट. डाव्या स्पीकरची एक, उजव्याची एक. एकच मूठ दोन्ही वाटा एकदम बदलते. पण तेव्हा मला टक् ऐकू आले होते, आणि त्यापुढे काहीच ऐकू येत नव्हते.

जोडणीही माझ्याच हातची. हे खुर्चीतून सांगत होते आणि मी तारांना सोल्डरचे डाग देत होते. पांढऱ्या तारा क्रमाने बसल्या. तांबड्या तारांना मात्र स्विचवर जागाच उरली नाही. मी विचार केला, शिंपी नाही का शिवणीत जादा कापड ठेवत? तशा या जादा असणार. त्यांना नीट टेप गुंडाळली आणि डबा बंद केला.

“दोन्ही रंगांच्या झाल्या?” ह्यांनी विचारले.

“सगळे व्यवस्थित झाले.” माझ्या कामाबद्दल मला शंका विचारलेली आवडत नाही.

त्या संध्याकाळी कॅसेट लावली. टक्! जोशीकाकांची पेटी अशी वाजली, की डोळ्यांत पाणी आले. पण मी कुठे होते? माझा आवाज कुठून तरी तिसऱ्या गल्लीतून आल्यासारखा, अगदी पुसट. उजव्या बाजूला शांतता. मी मान वळवली, पदर सावरल्याचे निमित्त करून कान चोळला. काही नाही.

ह्यांच्याकडे पाहिले, तर हे डोळे मिटून डोलत होते. “वा! काय गायली आहेस!”

झाले! ह्यांना ऐकू येते आणि मला येत नाही. डबा ह्यांनी बांधलेला, म्हणजे निर्दोष. जोडणी माझी, म्हणजे अधिकच निर्दोष. तेव्हा बिघडले काय असणार? माझा उजवा कान!

तुम्ही म्हणाल, बाई, फोन कानाला लावून पाहायचा होता. लावला की! नणंदेचा फोन उजव्या कानाने स्वच्छ ऐकू आला. पण ती बोलते ते फोन नसतानाही म्हैसूरपर्यंत ऐकू जाते. तो पुरावा मी फेटाळला.

खरी धास्ती वेगळीच होती. आमच्या एचएसआर लेआउटच्या सभागृहात दर शनिवारी मी मराठी मुलांचा शुद्ध उच्चारांचा वर्ग घेते. आईबाप आयटीत, मुले इंग्रजीत; मराठी म्हणून जी काय आहे, ती माझ्या त्या एका तासात. शाळेतली नोकरी संपल्यावर माझ्याजवळ राहिलेली एवढीच शाळा. कानच गेला, तर कोणत्या तोंडाने दुसऱ्याचे उच्चार तपासायचे? ऊर बडवण्याचा माझा स्वभाव नाही. मी पुण्याहून आलेल्या नूपुरला फोन केला; तिचा मुलगा वर्गात आहे.

“शनिवारचा वर्ग तू सांभाळ. मला जरा काम आहे.”

“डोन्ट वरी काकू, मी मॅनेज करते! मुलांना थोडं फन पण होईल.”

फन! मी फोन ठेवला आणि देवघरासमोर बसून राहिले.

ह्यांची पट्टी निघाली, त्यानंतर एके सकाळी “बँकेत जाऊन येते” म्हणून मी निघाले, ती थेट कानाच्या दवाखान्यात. आत पाऊल टाकते तो काय! समोरच्या बाकावर, कापडी पिशवी मांडीवर घेऊन, आमचे हे!

“तुम्ही? तुम्ही तर भाजी आणायला गेला होता!”

“आणि तुझी बँक इथे कधी आली गं?”

बाकावरची माणसे मोबाइल खाली ठेवून आमच्याकडे पाहू लागली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “अक्का, दोघांचं एकदम करायचं? स्वल्प, थोडं बसा.”

तपासणारी मुलगी निपाणीकडची निघाली. हेडफोन चढवले, बारीक बारीक शिट्ट्या वाजवल्या, आधी माझी तपासणी, मग ह्यांची. शेवटी म्हणाली, “आजी, काय बी झालं न्हाई. दोघांचं बी कान झ्याक हाईत. कोन म्हनलं तुमास्नी ऐकू येत न्हाई?”

तिचे उच्चार सुधारण्याची ताकद त्या क्षणी माझ्यात नव्हती.

“तुला कुठल्या कानाने येत नव्हतं?” ह्यांनी हळूच विचारले.

“उजव्या. तुम्हाला?”

“उजव्याच.”

“अहो, मग ते ‘वा, काय गायली आहेस’?”

“मला वाटलं, तुला ऐकू येतंय! तुझं गाणं मलाच ऐकू येत नाही, हे तुला कसं सांगू?”

मला राग आला की रडू, काही कळेना. पण ह्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला होता. “दोघांचे उजवे कान एकाच संध्याकाळी जातात? अगं, उजव्या बाजूच्या तांबड्या तारा कुठे जोडल्यास?”

“जोडल्या नाहीत. नीट गुंडाळून ठेवल्या आहेत.”

हे जे हसायला लागले! पिशवी खाली पडली. निपाणीची मुलगीही हसली, काउंटरवरची हसली, आणि काय झाले ते मुळीच न कळलेले बाकावरचे आजोबाही हसले.

दुसऱ्या दिवशी दोन पोलचा, मरगळलेला, प्लॅस्टिकचा स्विच आला. ह्यांनी निवडला, ह्यांनीच जोडला. सायंकाळी कॅसेट लावली, आणि उजवीकडून मी गायले. फार वरच्या पट्टीत गात होते हो मी!

शनिवारी सभागृहात रीतसर ठरले, की वर्ग पुन्हा मीच घ्यायचा. सूचना ह्यांनी मांडली, अनुमोदन नूपुरने दिले, सर्व पालकांनी मान्यता दिली. मुलांपैकी एकाचाही हात वर झाला नाही, उलट मागून “नूपुर मावशीच पाहिजे!” असे अगदी शुद्ध उच्चारात ऐकू आले. दोन्ही कानांनी.