उंबऱ्यात पारखलेला रंग

आमच्या टेपमावशीच्या गळ्यात टेप दिसली नाही, तर तिला ताप आलाय असं खुशाल समजावं. सारा जन्म तिनं लोकांचे कपडे शिवण्यात घालवला. दोरा कापडाशी जुळतो की नाही, हे ती दुकानातल्या दिव्याखाली कधीच ठरवत नाही. दिवा खोटं बोलतो म्हणते, आणि दोन्ही घेऊन उंबऱ्यात जाते.

या खेपेला तिला मागची खोली रंगवायची होती, थोरल्या बहिणीसाठी. अक्काची नजर अधू झालेली, एकटीनं राहणं जड जात होतं. पण बाणा मोडेन पण वाकणार नाही असा. "चार दिवस येईन आणि परत जाईन," एवढ्यावरच ती तयार झाली होती. खोली मनात भरली तर राहीलही, अशी मावशीला आपली आशा.

शेवटी दोन रंग उरले. एक सायीसारखा फिका, दुसरा गडद हिरवा. भिंत काही उचलून उंबऱ्यात नेता येत नाही, म्हणून मावशीनं दोन भलेमोठे पुठ्ठे रंगवले आणि दारात धरून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवलं. फिका सगळ्यांना पसंत पडला. हिरव्याला मी तर गुहाच म्हणाले.

"अधू डोळ्यांना उजेड हवा," मावशीनं निकाल दिला, आणि रंगाऱ्यानं खोली फिकी करून टाकली.

अक्का आली. पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या काठावर टेकली, पाहुण्यासारखी.

"कशी वाटली खोली?" मावशीनं विचारलं.

"छान आहे गं. पण तू कुठं आहेस?"

मावशी तिच्या समोरच उभी होती. पांढरे केस, फिका गाऊन आणि पाठीमागे फिकी भिंत. आत जाऊन मावशीनं हिरवा पुठ्ठा आणला आणि आपल्या डोक्यामागे धरला.

अक्का कितीतरी वेळ बघत राहिली.

"केस किती पिकले गं तुझे! मला कुणी सांगितलंच नाही."

"तुला दिसतील तेव्हा दिसतील, म्हटलं," मावशी म्हणाली.

अक्कानं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"रंगाऱ्याला परत बोलाव. ही समोरची भिंत हिरवी करून घे. रोज का पुठ्ठा धरून उभी राहणार आहेस?"