काळी उमटणारी हळद

निजामाच्या अमदानीत वसमतला सरकीच्या गोदामामागं एक फोटोवाला बसायचा. ही कला तो कुणाकडं शिकला नव्हता. घोंगडीचा पडदा टांगून त्यापुढं तो माणूस बसवायचा, खांद्यांना कापसाचे पंख चिकटवायचा आणि तोंडाला हळद फासायचा. त्याची बोटं कायम पिवळी असत. त्याच्या फोटोच्या काचेमुळं पिवळा रंग काळा उमटायचा. त्यामुळं फोटोत तोंडाच्या जागी नुसता अंधार यायचा, आणि त्यात दोन पांढरे डोळे.

माझी विधवा आत्या मला घेऊन तिथं गेली. हळदीची वाटी बघून ती मागं सरली.

"आमाला चालत न्हाई."

त्यानं वाटी तिच्यापुढं ठेवली आणि पाठ फिरवली. "फोटोत हळद कुणाला दिसत न्हाई, बाई. तुमची तुमी लावा."

आत्यानं कपाळापासून गळ्यापर्यंत लावली, नवरीला लावतात तशी. फोटो निघाल्यावर विहिरीवर तोंड घासून घासून धुतलं.

घरात तो फोटो कुणाला बघवत नसे. आई तो भिंतीकडं तोंड करून ठेवायची. आत्या पुन्हा सरळ करायची, त्या काळ्या तोंडावरून पदर फिरवायची आणि मला जवळ ओढून म्हणायची,

"बघ, कशी पिवळीधमक दिसून राहिले मी."